टाकीतली करंगळी

"बाबा, रविवारी असता तरी कुणाबरोबर?" लेकीनं फोनवर विचारलं, आणि चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमचा धनुर्विद्येचा ग्रुप आहे ना. गच्चीवर."

"ग्रुप? तुमचा?"

"चांगली सात-आठ टाळकी आहेत."

चष्म्याचं दुकान बंद केलेलं, बायको गेलेली. बोलायला उरल्या होत्या चार भिंती. लेकीनं बजावलं होतं, माणसांत राहणार नसाल तर घराला कुलूप लावून माझ्याकडे यायचं. महिनाअखेर ती न्यायलाच येणार होती. तिच्या घरी खोली होती, माया होती. पण कुठं बसलं की कुणाची अडचण होते, हे पाठ करण्यातच तिथं दिवस जायचा.

"मग रविवारी व्हिडिओ कॉल करते. बघू तरी तुमची टाळकी!"

रविवारी, निदान अर्धी थाप तरी खरी व्हावी म्हणून, त्यांनी कपाटावरून बांबूचं धनुष्य काढलं. एके काळी नवरा-बायको मैदानावर जोडीनं जायचे. हे बाण सोडायचे, आणि ती मागं उभी राहून तो कुठं लागला ते सांगायची. आता दोरी चढवतानाच धनुष्यानं हनुवटीवर एक ठेवून दिली. तरी त्यांनी गच्चीवर गादीची वळकटी उभी केली आणि दोरी ओढली. खांदा कुरकुरला, हात लटपटला, आणि बाण गादीला न विचारता मागच्या पाण्याच्या प्लास्टिकच्या टाकीत घुसला.

"वर गेला," त्यांनी स्वतःच स्वतःला सांगितलं.

बाण तसाच राहू दिला असता, तर थेंबभरच गळलं असतं. पण मारलेला बाण आपण जाऊन उपटायचा, ही मैदानावरची शिस्त डोक्याआधी हातांना आठवली. डावा तळवा टाकीवर, उजव्या हातानं पीळ देऊन ओढ. बाण निघाला आणि पाठोपाठ पाण्याची धार. त्यांनी भोकात करंगळी खुपसली. चपखल बसली, पण तोल सांभाळायला दुसरा हात टाकीवर टेकावाच लागला.

"कुणी आहे का?" ते म्हणाले. ओरडायची सवय गेली होती. पहिली हाक कबुतरांनीही मनावर घेतली नाही.

पाचव्या हाकेला तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई वाळलेले कपडे काढायला आल्या.

"अगं बाई! टाकीला काय करताय?"

"भोक पडलंय. प्लंबरला बोलवता का?"

"पाडलं कुणी?"

"मीच. बाणानं."

नर्सबाईंनी धनुष्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सकाळची गोळी घेतलीत ना?"

मग त्यांनी प्लंबरला फोन लावला आणि जिन्यातून नुसतं "पाणी जातंय!" म्हटलं. इमारत बादल्यांसकट वर आली. सेक्रेटरी तर टॉवेलवर, कानाला साबणाचा फेस.

"कोण हे गृहस्थ?"

"दुसऱ्या मजल्यावरचे."

"तो फ्लॅट रिकामा ना? मी दारात सायकल लावतो त्यांच्या!"

"तुमची होय ती?" चष्मेवाले म्हणाले. "मी रोज अंग चोरून निघतो."

सेक्रेटरी ओशाळले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी धनुष्य उचललं. "ओढतात कसं हे?"

"कोपर वर. अजून वर. बाणाशिवाय दोरी सोडू नका! आणि आधी टॉवेल सांभाळा."

सगळे खो खो हसले. कुणी "आता मी, आता मी" करत रांग लावली. कुणी वर चहा आणला. नर्सबाईंनी कप त्यांच्या तोंडाशी धरला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला, तोही त्यांनीच काढून धरला.

"बाबा! खरंच ग्रुप आहे की!"

"मग! सांगितलं नव्हतं?"

"मला थाप वाटली. पण ते काका टॉवेलवर का आलेत?"

"उत्साह," चष्मेवाले म्हणाले.

"जीव भांड्यात पडला बाबा. मग महिनाअखेरची रजा रद्द करते. इतकी माणसं आहेत तुम्हाला, मी येऊन काय करू? पुढच्या वर्षी बघू."

"अगं, पण..."

फोन बंद झाला. घर वाचलं. तिनं न्यायला येऊ नये, एवढंच तर त्यांचं म्हणणं होतं. येऊच नये, असं कुठं म्हटलं होतं?

प्लंबर बोल्ट आणि वॉशर घेऊन आला. "काका, काढा करंगळी. दोन मिनिटांचं काम."

झालं, एवढं ऐकताच सेक्रेटरींना अर्धवट आंघोळ आठवली, बादल्या जिन्याकडे वळल्या, नर्सबाईंनी कपडे खांद्यावर टाकले. चष्मेवाल्यांनी करंगळी थोडी ओढून पाहिली. अलगद सुटली. त्यांनी ती हळूच पुन्हा आत ढकलली.

"निघत नाहीये हो. अडकलीय बहुतेक."

नर्सबाई परत फिरल्या. त्यांनी वाकून करंगळी पाहिली, मग चष्मेवाल्यांचा चेहरा पाहिला, आणि कपडे खाली ठेवले.

"भलतीच अडकलीय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तासभर तरी हलू नका कुणी."