पाणसळ आणि पाळणा

गजराचं घड्याळ बघायला मी उशीवर नुसती मान वळवली, आणि घड्याळ निघून गेलं. त्याच्यामागून खिडकी गेली, कोटाची खुंटी गेली, शेवटी हेही गेले. (म्हणजे नजरेसमोरून.) पलंगाचा दांडा घट्ट धरून मी म्हटलं, "उठा, धरणीकंप होतोय."

"मग पडून राहा," हे कूस बदलत म्हणाले. "धरणीकंपात हिंडू नये."

डॉक्टरांनी मात्र माझा कान तपासला. (कान फक्त ऐकायला असतो, अशी माझी बी. ए.पर्यंतची समजूत.) म्हणाले, "आत गवंड्याच्या पाणसळीसारखं तोल सांभाळणारं पाणी असतं. ते बिघडलंय. जिवाला धोका नाही. मान झटक्यात फिरवू नका, उठताना आधी मिनिटभर बसा, मीठ कमी करा, उंचावर चढू नका. फिरायला लागलं तर एका स्थिर वस्तूवर नजर ठेवा."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. स्थिर वस्तू म्हणून यांना निवडलं. हातात वर्तमानपत्र असलं की हे तासभर हलत नाहीत.

सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, पाणसळ काही पटली नाही.

"कानानं कुणाला घेरी येती व्हय? सकाळचं उठवत न्हाई, जेवणात मीठ नको. आम्ही काय आज जन्मलो?"

"आक्का, खरंच तसं काही नाही हो."

"पयल्यांदा समद्या असंच म्हणत्यात."

लग्नाला तीन वर्षं झालेली. आक्कांचा चेहरा असा उजळला की पुन्हा 'नाही' म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यांनी शिरोळच्या बहिणीला, चिमणामावशींना, बोलावून घेतलं. त्या आल्या की माळ्यावरचा पाळणा खाली काढायचा, असं ठरलं. पाळणा खाली आला की खरं कोणत्या तोंडानं सांगणार?

रविवारी आक्का मावशींना आणायला मोटार स्टँडवर गेल्या आणि मी शिडी लावली. पाळणा घंगाळामागे ढकलून द्यायचा, आणि धीर गोळा होईपर्यंत तो सापडू द्यायचा नाही, एवढाच बेत. (वहीतलं 'उंचावर चढू नका' मीच लाल शाईनं अधोरेखित केलं होतं.)

माळ्यावर चढून पाळण्याला हात घातला, वर पाहिलं, आणि अख्खा माळा फिरला. स्थिर वस्तू खाली अंगणात वाचत बसलेली. माळ्यावर कठडा असलेली एकच जागा होती, पाळणा. मी त्यात बसले.

"अहो," मी हाक मारली. गल्लीत घरोघरी एकेक 'अहो'. एकही हलला नाही. "अहो, ऐकलंत का?" अंगणात पान उलटल्याचा आवाज आला.

माळा दुसऱ्यांदा फिरला तेव्हा रीतभात सुटली. पाळण्याच्या दोन्ही कडा धरून, उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं नाव मी गल्लीला ऐकू जाईल असं घेतलं, "कृष्णात! कृष्णात!"

खाली चपला वाजल्या. शिडीपाशी आक्का, शेजारी पिशवी धरून चिमणामावशी, दोघींच्या माना वर.

"आलो गं," आक्का म्हणाल्या. "पर पाळण्यात बसून बारसं बी तूच उरकलंस व्हय? आन् नाव ठेवलंस ते बापाचंच?"