खुनाला हसणारे तात्या

पडद्यावर माणूस मरायला टेकला की तात्या जमादार हसत. इंदापुरात तंबूतला बोलपट आला, तेव्हा पहिल्याच खेळाला ते हसू मी ऐकलं.

गोष्ट साधी होती. श्रीमंत मामाच्या इस्टेटीसाठी चार भाचे त्याच्या जिवावर उठतात. खिरीत विष घालतात, ती मांजर खाते. जिन्याला तेल लावतात, घसरतो थोरला भाचा. तंबू चिडीचूप, बायकांचे पदर तोंडाला. तात्या एकटे खो खो.

"अरं, विष असं घालत्यात व्हय? वाटीसुदिक धुतली न्हाय! अर्ध्या तासात चौघं आत घातलं असतं."

तात्यांनी उभा जन्म पोलिसात पंचनामे लिहिले. पेन्शनीतही सवय सुटली नव्हती. मांजर मेली की ते शेजारच्याचं मनगट धरत. "तू पंच. काय बघितलंस, ध्येनात ठेव."

पंच झालं की कोर्टाच्या खेपा, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. तंबू कितीही भरला तरी तात्यांच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहत.

"आबा, तात्यांजवळ जागा हाय की," कोणी म्हणे.

"तूच बस. माझी खुरपणी ऱ्हायलीय."

मी वार्ताहर. मला जागा मिळाली.

आठवड्यानं तंबू बारामतीला हलला. मागोमाग तात्याही मोटारीनं गेले. कामानिमित्त मी तिथं गेलो, तर तात्या तंबूत होते आणि बाजू मोकळ्या होत्या. बारामतीकरांना एकच खेळ पुरला होता.

"तात्या, सगळं पाठ झालंय तुम्हाला. आता काय बघता?"

पडद्यावर भाचे विषाचं ताट घेऊन आले होते. तात्या तिकडेच बघत म्हणाले, "मारायला का व्हईना, रोज इचारत्यात तरी. मामा, जेवला का म्हून."

पुढे तंबू जिल्ह्याबाहेर गेला. तात्या इंदापूरला परतले. त्यांचं हसू गावात कुठं ऐकू येईना. एका संध्याकाळी मी पिठलं-भाकरीचं ताट घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"तात्या, जेवलात का?"

त्यांनी फडकं उचललं. वास घेतला. मग माझं मनगट धरलं.

"आधी तू खा. पंच म्हून."

एक पाट चुलीपुढे होताच. दुसरा त्यांनी फळीवरून काढला आणि त्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसत राहिले.