चौथा रकाना

अर्जाच्या चौथ्या रकान्यात एलोयने लिहिले, "एक गोल वस्तू."

"चेंडू बनवत होतास होय रे, म्हाताऱ्या?" त्याची बायको रेफुहिया खेकसली.

एकतीस वर्षे एलोय डोंगरावरच्या प्रयोगशाळेत लेथवर होता. अणुबॉम्बच्या अगदी गाभ्यात बसणारा पोकळ गोळा कातायचा. धातूच्या धुळीने छाती गेली. आता अंगणातल्या मिरच्या तोडतानाही धाप लागे. अशा कामगारांना सरकार फुकट उपचारांचे कार्ड देणार होते. अट एकच, कुठला भाग बनवला ते नावानिशी लिहायचे, तेही शुक्रवारच्या आत. आणि ते नाव कुणाला सांगणार नाही, अशी एलोयने शपथ घेतलेली! बायकोलासुद्धा नाही.

कचेरीतल्या हार्परबाईंनी अर्ज परत केला. "नाव लिहा, आजोबा. मला ठाऊक आहे, पण मी सुचवायचं नाही, असा नियम आहे."

एलोय परवानगी मागायला दुसऱ्या इमारतीत गेला. तिथल्या साहेबाने एक कागद पुढे सरकवला. वर छापले होते: ज्या शब्दासाठी परवानगी हवी, तो शब्द येथे लिहा.

"अहो, तो लिहिता यावा म्हणून तर आलोय!"

"मिळेल की परवानगी. आधी लिहा."

एलोय तसाच घरी आला. रेफुहियाने जेवायला वाढलेच नाही. "शपथ काय छातीला चोळणारेस? चल, गाडीत बस."

तिने त्याला गावच्या संग्रहालयात नेले. तिथे काचेमागे बॉम्बची प्रतिकृती होती, कलिंगडासारखी उभी चिरलेली. एकेका भागाला बाण, बाणाच्या टोकाशी नाव. शाळेची पोरे मोठमोठ्याने वाचत होती. मधल्या गोळ्यापाशी लिहिले होते: पिट. फळातल्या कोयीला इंग्रजीत म्हणतात तोच साधा शब्द.

एलोय पांढराफटक पडला. "फुटलं गं, गुपित फुटलं! डोळे मीट!"

"मी मिटते. तू तक्रार कर."

रखवालदाराने जांभई देत तक्रारीचा कागद दिला. एलोयने धापा टाकत लिहिले, "येथे 'पिट' हा गुप्त शब्द उघड्यावर टाकला आहे. मी स्वतः एकतीस वर्षे तेच बनवले, म्हणून खात्रीने सांगतो." खाली सही ठोकली. रखवालदाराने शिक्का मारून एक प्रत परत दिली. ती रेफुहियाने तिथल्या तिथे अर्जाला टाचली, आणि कचेरीत हार्परबाईंनी तोंडावर हात धरून, हसू दाबत अर्ज घेतला.

परतताना गाडी रेफुहिया चालवत होती. पहिले वळण उतरल्यावर एलोय तिच्याकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"चर्चमागे मक्याच्या पानांत तमाले वळताना आम्ही बायका दुसरं काय बोलायचो?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू जेवताना असा ताठ गप्प बसायचास, की वाटायचं, एवढीच ऐट आहे बिचाऱ्याची. असू दे."

एलोयने खिडकीची काच वर केली.

"हातमोज्यातूनही कोमट लागायचा तो गोळा," तो हळूच म्हणाला. "कोंबडीखालून काढलेल्या अंड्यासारखा."

रेफुहियाने गाडीचा वेग कमी केला.