कावळा न शिवल्यास थाळी मोफत

वर्षात महिने बारा असले, तरी हॉलवाल्याच्या दृष्टीने काळाचे प्रकार दोनच: तारीख मिळत नाही तो, आणि गिऱ्हाईक मिळत नाही तो. दुसऱ्या प्रकारात पितृपंधरवड्याइतका शुद्ध नमुना नाही. या पंधरा दिवसांत माणूस साखरपुडा करत नाही, गाडी घेत नाही, बारसंही पुढे ढकलतो (बाळाचं मत विचारलं जात नाही).

डोंबिवली पूर्वेला सुदेश परब यांचा भाड्याचा शाकाहारी हॉल आहे, वर मोकळी गच्ची आहे. या पंधरवड्यात त्यांना काय मिळणार होतं ते आधीच मांडून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी भावनेच्या भरात जायला नको. रोज ऐंशी थाळ्या, थाळीला साडेतीनशे, त्यात खर्च एकशे ऐंशी. पंधरा दिवसांचा नफा दोन लाख चार हजार. पैकी सल्लागाराची फी पंचवीस हजार, थकलेलं भाडं पावणेदोन लाख. शिल्लक चार हजार रुपये आणि हॉल. सर्वपित्री अमावास्येपर्यंत भाडं आलं नाही, तर जागामालक तिथे जिम काढणार होता. त्याने आरसे मागवलेही होते.

सल्लागाराचं नाव मितेश. राहणार घोडबंदर रोड. हॉटेलांना आणि हॉलांना हंगामी उपक्रम आखून देणं हा त्याचा व्यवसाय. सुदेशरावांना त्याने आधीही दोन उपक्रम दिले होते: गटारीच्या दुसऱ्या दिवशी ताक मोफत, आणि नवरात्रात रोजच्या रंगाची इडली (राखाडी रंगाच्या दिवशी इडली कोणी घेतली नाही, ती शिळी नव्हती, हे पटवण्यात दिवस गेला).

"काका, लोकांचा प्रॉब्लेम समजून घ्या," मितेश म्हणाला. "टॉवरमध्ये खिडकीला कबुतरांची जाळी. पान ठेवणार कुठे, एसीच्या डब्यावर? आपल्याकडे गच्ची आहे, कावळे आहेत. आपण पितर थाळी काढायची."

"आणि कावळा नाही आला तर?"

"तर थाळी मोफत. पंचेचाळीस मिनिटं. अहो, गॅरंटीशिवाय आज कोणी चष्म्याची काडी पण बसवून घेत नाही."

हा निर्णय भावनेवर नव्हे, सर्वेक्षणावर आधारलेला होता. मितेशने तीन दुपारी गच्चीवर शेव टाकून मोजणी केली: दर सात मिनिटांना एक कावळा (एकच कावळा पुन्हा पुन्हा मोजला गेला असल्यास त्याची वेगळी नोंद नाही). नियम ठरले. प्रत्येक कुटुंबाचं एक पान. त्याला कावळा शिवला नाही, तर त्या अख्ख्या टेबलाचं बिल माफ. कावळा शिवला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार हॉलचे मॅनेजर धम्मपाल यांना.

धम्मपाल यांची निवड योग्यच होती. "आमच्यात हे पान ठेवणं वगैरे नसतं," ते म्हणाले. "त्यामुळे कावळा आला काय, गेला काय, मला सारखाच. मी फक्त लिहिणार."

गिऱ्हाइकाला एक फॉर्मही होता: पूर्वजाचं नाव, नातं, आवडता पदार्थ. छाननीत असं आढळलं, की स्वातंत्र्यापूर्वी कोकणात वारलेल्या एकशे चाळीस पूर्वजांना पनीर आवडत होतं. एका पणजीला मंचुरियन.

पहिले दोन दिवस कावळे वेळेवर आले आणि बिलं भरली गेली. तिसऱ्या दिवशी त्र्यंबक राणे अकरा माणसं घेऊन आले. वडिलांचं पान गच्चीवर ठेवलं. अर्धा तास झाला, कावळा नाही. अशा वेळी रीत अशी, की गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ती ओळखायची आणि मोठ्याने शब्द द्यायचा. त्र्यंबकरावांनी हात जोडले.

"नाना, धाकूला गावच्या घरातली खोली देतो."

धाकू म्हणजे धाकटा भाऊ. तो शेजारीच उभा होता. त्याचे डोळे भरून आले. पाण्याच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला.

"अहो," त्र्यंबकरावांची बायको हळूच म्हणाली, "सहा मिनिटं राहिलीत. अकरा माणसांचे किती होतात?"

त्र्यंबकरावांनी हिशेब केला आणि पुन्हा हात जोडले. "नाना, खोलीचं बघू. घाईत काही बोललेलो, ते मनावर घेऊ नका."

कावळा उडाला. धम्मपालांनी वेळ लिहिली. तीन हजार आठशे पन्नास माफ.

त्या संध्याकाळपर्यंत ही माहिती डोंबिवलीतल्या बहुतेक सोसायट्यांच्या ग्रुपवर पोहोचली आणि चौथ्या दिवशी जिन्यापर्यंत रांग लागली. श्रद्धेच्या प्रकटीकरणात विविधता आली. कोणी पानाला ऊन लागू नये म्हणून छत्री धरून बसलं. कोणी वारा घालण्यासाठी टॉवेल गरागरा फिरवला. एक निवृत्त अधिकारी थाळी संपेपर्यंत पानाशेजारी ताठ उभे होते, आदरापोटी. शब्द देण्याची रीतही टिकली, फक्त उलटी झाली: "अप्पा, तुमचा आंबा तोडून तिथे पार्किंग करतोय हां." "आत्या, तुझ्या बांगड्या मोडल्या." कावळा फिरकला तर घरातले एकमेकांकडे संशयाने बघत, की कोणी मनात काही कबूल तर केलं नाही ना.

"नियम बदलूया," सुदेशराव मितेशला फोनवर म्हणाले.

"काका, आता? कल्याणपासून लोक येतायत. फुटफॉल बघा."

सुदेशरावांनी फुटफॉल बघितला. जिन्याच्या दोन फरश्या निखळल्या होत्या.

दहाव्या दिवसापासून कावळ्यांनी ती गच्ची सोडली. ते पलीकडच्या इमारतीवर जाऊन बसत आणि तिथून बघत. अमावास्येला गर्दी ओसरल्यावर सुदेशरावांनी स्वतः एक पान वाढलं, वडिलांचं. "अण्णा, हॉल जाऊ देत नाही," म्हणाले. पाऊण तास उन्हात उभे राहिले. छत्री उघडली नाही.

"साहेब, एक आलेला," धम्मपाल म्हणाले. "कठड्यावर बसला, पान बघितलं, गेला. नियमात बसत नाही."

"म्हणजे माझी थाळी मोफत?"

"हो साहेब. तुम्हीच द्यायची."

अंतिम आकडे असे. कुटुंबं दोनशे ब्याण्णव, थाळ्या एक हजार चारशे साठ. कावळा शिवलेली कुटुंबं एकाहत्तर. तोटा, फी धरून, एक लाख त्रेसष्ट हजार पाचशे पन्नास. मितेशची फी आगाऊ मिळालेली असल्याने त्याच्या अहवालात उपक्रम यशस्वी ठरला. जागामालकाचे आरसे बसले. धम्मपाल तिथेच लागले. आता कोण किती वजन उचलतो ते लिहितात. सुदेशरावांनी अनामत गमावली आणि सध्या ते मेव्हण्याच्या पोळीभाजी केंद्रात बसतात. धाकूला खोली मिळाली नाही.

उरलेल्या दोनशे एकवीस कुटुंबांकडून एक रुपयाही आला नाही, हे खरं. पण त्यांच्या टेबलांवर मुलंही जेवायला होती. ती वर गच्चीत येऊन सगळं नीट बघत होती, मोबाईल खिशात ठेवून. बाबांनी छत्री कशी धरली, आजोबांना दिलेला शब्द कसा परत घेतला, किती वाजता घेतला. फार हुशार आहेत, एकदा बघितलेलं विसरत नाहीत. तेव्हा बिल माफ झालं, असं तुम्ही समजू नका. ते भरायचं आहे, आणि त्या दिवशी तुम्ही टेबलाशी नसाल. पलीकडच्या इमारतीवर बसून पानाकडे बघत असाल.