सासऱ्यांसाठी लावलेली अढी

फळांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. गर्वाने म्हणत नाही, नुसतं सांगून ठेवतो! मेहरूणला माझं घर, असोदा रस्त्याला केळी पिकवायचं चेंबर. हिरवागार घड आत जातो आणि पिवळाधम्मक होऊन बाहेर येतो. या योगेंद्रच्या हाताला गुण आहे, हे सगळ्या जळगावला मान्य आहे. फक्त अमळनेरच्या रुपचंद नानांना मान्य नाही. आणि ते माझे सासरे आहेत!

लग्नाला अठरा वर्षं झाली. नाना घरी येतात, मी निवडून काढलेली केळ्यांची फणी पुढे ठेवतो. नाना एक केळं सोलतात, डोळे मिटून चावतात आणि म्हणतात, "ठीक शे." संपलं! 'गोड शे' म्हणायला त्यांना काय कर भरावा लागतो, देव जाणे.

त्यामुळे मेघाने, म्हणजे माझ्या बायकोने, वडिलांना एकदा विमानात बसवायचंच असा हट्ट धरला, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. थायलंडला दुरियन नावाचं फळ मिळतं. फळांचा राजा म्हणे! ते आपल्या हाताने पिकवून नानांना खाऊ घालायचं, आणि त्यांच्या तोंडून 'गोड शे' काढूनच भारतात परतायचं, असा माझा बेत होता.

बँकॉकच्या बाजारात दुरियनचे ढीग लागले होते. बाहेरून फणसाचा रागीट भाऊ! विकणारी बाई पिकलेलं फळ पुढे करत होती. मी हसलो. दुसऱ्याने पिकवलेलं फळ घेऊन खायचं, तर माझी विद्या काय लोणच्यात घालायची? मी दगडासारखं टणक फळ उचललं. बाईने डोक्याला हात लावला.

"कच्चं शे," नाना म्हणाले.

"नाना, पिकवणं हाच माझा धंदा आहे!"

"ते मी अठरा वरीसफाईन खाई राह्यनू," नाना म्हणाले.

हॉटेलच्या लिफ्टमध्ये काटेरी फळाचं चित्र होतं, त्यावर लाल फुली. मी ते पाहिलं, नाही असं नाही. पण 'येथे थुंकू नये' या पाटीखालची भिंत ज्याने रोज पाहिली आहे, तो माणूस चित्राला घाबरतो होय! फळ मेघाच्या शालीखालून आम्हा तिघांच्या खोलीत पोचलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला दोन दिवस समुद्रकिनारी जायचं होतं. जड सामान खोलीतच राहणार होतं. अढी लावायला याहून उत्तम मुहूर्त कोणता? नाना आणि मेघा नाश्त्याला गेल्याबरोबर मी कामाला लागलो. नाश्त्याच्या टेबलावरून आदल्या दिवशी आणलेली पिकली केळी दुरियनच्या भोवती रचली, कारण पिकलं केळं शेजाऱ्यालाही पिकवतं. वरून शाल, त्यावर हॉटेलची रजई. गाठोडं घट्ट बांधायला हाताला लागलेल्या कापडाने करकचून आवळलं, कपाटात कोंडलं, एसी बंद केला आणि दारावर 'त्रास देऊ नये'ची पाटी अडकवली. चेंबरवाले पाहत असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या!

खाली आलो तर नाना तापलेले.

"मनं उपरनं कोठे गयं?"

ते कापड! अमळनेरच्या सत्कारात मिळालेलं, जरीकाठाचं, नानांनी जिवापाड जपलेलं उपरणं! आता सांगावं तर गाठोडं सोडावं लागणार, सगळा बेत फसणार. मीही टेबलाखाली वाकून उपरणं शोधू लागलो.

"याले इचार, चोर कोन शे!" नानांनी मॅनेजरकडे बोट दाखवलं.

मी मॅनेजरला इंग्रजीत म्हणालो, "सासऱ्यांना तुमचं हॉटेल फार आवडलं."

मॅनेजरने दोन्ही हात जोडले, मान झुकवली.

"पाहा!" नाना गरजले. "कबूल करी राह्यना!"

समुद्रकिनारी दोन दिवस नानांनी समुद्राकडे पाहिलं नाही. उपरण्याच्या आठवणीने जेवण उतरेना, आणि मेघा मला म्हणत होती, "तुम्ही जरा जोर लावून विचारा ना मॅनेजरला!" मी जोर लावून शहाळं पीत होतो.

परत आलो तर हॉटेलसमोर अग्निशामक दलाची गाडी! फुटपाथवर पाहुण्यांची गर्दी, कुणी टॉवेलवर, कुणी तोंडाला फेस लावून अर्ध्या दाढीत.

"गॅस गळालाय," कुणीतरी सांगितलं.

मला तर बोलायला विषयच मिळाला. "बघा नाना, परदेशाचं एवढं कौतुक! आमच्या चेंबरमध्ये असा हलगर्जीपणा चालतो का?" मी एका जवानाला मुख्य व्हॉल्व्ह कुठला बंद करावा तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, बिचाऱ्याने.

नानांनी नाक वर केलं. "हाऊ गॅसना वास नही. काही तरी पिकेल शे."

आणि मला आमच्या खोलीतलं कपाट आठवलं.

तेवढ्यात दारातून मुखवटा घातलेला एक जवान बाहेर आला. दोन्ही हात लांब धरून, त्यात एक गाठोडं. रजईतून एक काळं पडलेलं केळं लोंबत होतं.

"अहो, ती माझी शाल!" मेघा ओरडली. अख्ख्या फुटपाथने आमच्याकडे पाहिलं.

"आनि हाई मनं उपरनं!" नाना पुढे धावले. मग थांबले. उपरण्याच्या गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. केळीच्या घडाला मारतो ती माझी खास गाठ, ती जगात दुसरं कोण मारणार!

"जवाईबापू," नाना अगदी हळू म्हणाले, "चोर घरनाच शे."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. फुटपाथवर कुठली दुभंगायला! मॅनेजर आला, त्याने हात जोडले आणि आम्हाला दुसरं हॉटेल पाहण्याची नम्र विनंती केली.

"परत कबूल करी राह्यना!" नाना म्हणाले, पण आता त्यात दम नव्हता.

त्या जवानाने मुखवटा काढला, फळ हुंगलं आणि चक्क हसला! चाकू काढला, तिथेच दुरियन फोडलं आणि पहिला गर मालक म्हणून माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला. कांद्याच्या चाळीत बसून कुणी बासुंदी आटवावी, तशी चव! मी तोंडावर हात दाबून गाडीच्या मागे पळालो. पुढचं सांगत नाही.

परत आलो तर नाना आणि तो जवान गाडीच्या पायरीवर मांडीला मांडी लावून बसले होते. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. दोघांची बोटं बरबटली होती. नानांनी बी चोखून बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले,

"गोड शे!"

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या! थोडं वासाने, बाकी आनंदाने. अठरा वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. सामान रस्त्यावर होतं, मेघा बोलत नव्हती, रात्री कुठे झोपायचं ठाऊक नव्हतं, पण मी जिंकलो होतो!

म्हणजे, असं मला वाटलं होतं.

आता नाना महिन्यातून एकदा अमळनेरहून मुद्दाम माझ्या चेंबरवर येतात. चार व्यापारी उभे असताना पिवळीधम्मक फणी उचलतात, नाकाशी धरतात, बराच वेळ हुंगतात आणि खाली ठेवतात.

"कच्ची शे, जवाईबापू. पिकेल फय म्हनजे आख्खं हॉटेल खाली व्हवाले पाहिजे!"