परबकाकांचं ‘काय खरा नाय’

कुणाचं ऑपरेशन झालं, की आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत डॉक्टरांच्या आधी परबकाकांचा निकाल लागतो. पेशंटला बघायला जातात, मोसंबी ठेवतात, फाइल मागतात, सोनोग्राफी ट्यूबलाइटसमोर उलटी धरतात आणि पेशंटच्या पायाशी बसून जाहीर करतात, “काय खरा नाय.”

तळमजल्यावरच्या शेट्टीबाईंचं पित्ताशय काढलं तेव्हाही हेच. बाई आता मुलुंडला झुंबा करायला जातात. माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूलाही तेच! मी म्हटलं, “अहो काका, डोळ्याने कोण मरतं?” तर म्हणे, “सुरवात खयसून होता, ता कोणाक म्हायत?”

काकांचा उभा जन्म साकीनाक्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला. पण कुणाला गाठ आहे म्हटलं, की पहिला प्रश्न, “किती मिलीमीटर?” जसे काही घासून गुळगुळीत करून देणार आहेत! अस्सा राग यायचा ना मला.

मग ते आमच्याच घरावर आलं. माझ्या नवऱ्याच्या, विलासच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन करून लिव्हरचा तेवढा भाग काढला. पुढे काय, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गाठीचा आकार, रक्ताचे रिपोर्ट, उरलेलं लिव्हर कसं आहे, सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि म्हणाले, “अशा पुष्कळ पेशंटचं मिळून साधारण काय होतं, एवढंच हे सांगतं. तुमच्या मिस्टरांचं काय होईल, ते नाही सांगत. परत उगवतंय का, ते स्कॅन करत राहूनच कळेल.”

एवढा शिकलेला माणूस हातचं राखून बोलतो. आणि आमचे परब! विलास घरी आला त्याच दिवशी मोसंबी घेऊन हजर. पायाशी बसले, पोटावरच्या पट्टीकडे बघितलं. “काय खरा नाय रे, विलास.”

विलासचा चेहरा एवढासा झाला. माझं डोकंच फिरलं. “उठा आधी! परत या घरात पाऊल टाकलंत तर बघा. स्वतःला समजता कोण?” मोसंब्यांची पिशवी मी बाहेर फेकली. मोसंबी जिन्यावरून गडगडत गेली आणि काका एकेक उचलत खाली उतरले. मला जराही वाईट वाटलं नाही.

पहिल्या स्कॅनच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. दारात परब. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली.

“नीता, एकदाच आत येवक दी. वायट बोलतंय नि जातंय.”

“लाज नाही वाटत, काका?”

तेव्हा कुठे दारात उभ्याउभ्याच बोलले. त्यांच्या बायकोचंही लिव्हरचंच ऑपरेशन झालं होतं. आम्ही इथे राहायला यायच्या आधीची गोष्ट.

“डॉक्टर म्हणालो, गाठ साफ काढली. मी त्याच दिवशी आख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. सगळ्यांका सांगितलंय, माझी मालन बरी झाली. वरीस नाय झाला, परत उगावला. गेली.” त्यांनी पालथ्या हाताने नाक पुसलं. “माझ्याच तोंडान नजर लागली. तेवापासून कोणाबद्दल बरा बोलूक भ्या वाटता.”

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं लोकांना घाबरवत नव्हता, दारोदार दृष्ट काढत फिरत होता! इतका अडाणीपणा मी जन्मात बघितला नव्हता. तसं त्यांच्या तोंडावर म्हटलंसुद्धा. आणि मी दारातून बाजूला झाले.

काका विलासच्या पायाशी बसले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काही केल्या शब्द फुटेना. नुसत्या डोळ्यांतून धारा.

दारातलं सगळं ऐकलेला विलास पांढराफटक पडला होता. त्याने काकांचा हात घट्ट धरला.

“काका, बोला ना,” तो म्हणाला. “लवकर बोला. मला जगायचंय.”