हिराशेठची पायरी

हिराशेठ येताना दिसायच्या आधी त्यांचा खिसा ऐकू येतो. शर्टाच्या वरच्या खिशात सुटे स्क्रू, नट, वायसर असा सगळा खुळखुळाट. आणि हे सगळं त्यांनी दुरुस्त केलेल्या वस्तूंमधून उरलेलं. कुठलीही वस्तू उघडून परत मिटली की हिराशेठकडे दोन-चार स्क्रू शिल्लक राहतातच. "अहो, हे आत घालायचे राहिले ना!" असं मी एकदा म्हणाले, तर म्हणतात कसे, "ताय, कंपनी एक्स्ट्रा देते. हरवले तर असूंदे म्हनून."

आता बोला!

मी पनवेलजवळ करंजाड्याला तळमजल्यावर राहते आणि खिडकीशी बसून ब्लाउज शिवते. खिडकीसमोरच हिराशेठचा बंगला. मुद्दाम कोण बघतंय, पण दिसतं त्याला काय करणार! हिराशेठ मूळचे इथलेच, आगरी; त्यांच्या बोलीत गाडीची गारी होते आणि चढायचं चरायचं. बापजाद्यांची शेती गेली, पैसा आला, त्यातून दोन बिल्डिंगा उभ्या राहिल्या. सगळा व्यवहार मुलगा महेश बघतो. त्यामुळे हिराशेठना एकच काम उरलं, आसपास काय बिघडलंय त्याचा तपास. कुणाचा मिक्सर रुसला, कुणाचा नळ गळायला लागला, की हे दारात हजर. "मिस्त्री कशाला? मी हाय ना!"

हे ऐकलं की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका वस्तू लपवायला धावतात. मी नवीन होते, मला कुठलं माहीत! माझ्या शिलाई मशीनची मोटर अडली तेव्हा मी भाबडेपणानं त्यांना आत घेतलं. दुपारभर खपले बिचारे, दोनदा चहा झाला. मशीन सुरू झालं, चांगलं दणक्यात सुरू झालं, पण उलटं. कापड पुढे सरकायच्या ऐवजी माझ्याच अंगावर यायला लागलं. मी कपाळाला हात लावला. हिराशेठनी मशीनच्या पलीकडे जाऊन बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताय, तुमी पलीकडून बसलात तर?"

असा हा माणूस दिवाळीनंतर एक मोटरहोम घेऊन आला. बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, बेसिन, संडाससुद्धा! कुणा हौशी माणसाची जुनी गाडी होती म्हणे. झालं, कॉलनीला विषय मिळाला. "पैसा जिरत नाही, दुसरं काय!" "आता हे हिमालयात जाणार!" माझ्या पोटात काही राहत नाही, मी सरळ विचारलं.

"शेठ, एवढी गाडी घेऊन जाणार कुठे?"

"गव्हानला."

"गव्हाणला? अहो, तिकडे लोक रिक्षानं जातात!"

हिराशेठ माझ्या खिडकीच्या कठड्याला टेकले. खिसा एकदा वाजला आणि गप्प झाला. मग त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांच्या बायकोला, यमुनावहिनींना, मी तोवर व्हरांड्यातल्या खुर्चीतच पाहिलं होतं. स्टुलावरून पडून गुडघा मोडला, ऑपरेशन झालं, पण पाय काही वाकेना. वॉकर घेऊन घरात चालतात, मात्र कुठल्याच मोटारीत त्यांना बसता येत नाही. गव्हाण हे वहिनींचं माहेर. आणि वहिनी नुसत्या माहेरवाशीण नव्हेत, धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते तेव्हा कुठे लग्न लागल्यासारखं वाटतं. निम्म्या पंचक्रोशीची लग्नं वहिनींनी लावलेली, आणि आता सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलेलं. महेश म्हणाला, आपण खुर्चीसकट उचलून नेऊ. वहिनी कडाडल्या, "मना चौघांनी उचलायचा त्या दिशी उचला. तवर मी माज्या पायानी जाईन, नायतर घरात बसंन."

"ह्या गारीत पाय लांब करून पलंगावर बसंल ती," हिराशेठ म्हणाले. "आनि चरायला पायरी हाय."

त्या गाडीच्या दाराखाली विजेवर चालणारी पायरी होती. दार उघडलं की घुर्र करत बाहेर यायची, दार लावलं की परत पोटात जायची. बेताची उंच, वहिनींच्या ताठ पायाला अगदी मानवेल अशी. त्या पायरीसाठी या माणसानं अख्खी गाडी घेतली होती! मी त्या दिवशी ब्लाउजची बाही तिरकी शिवली.

पण करंजाड्याची धूळ तुम्हाला माहीत नाही. जिकडे बघावं तिकडे बांधकाम. सिमेंट-माती जाऊन जाऊन पायरीची मोटर जळली. पनवेलहून मेकॅनिक आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, पार्ट बाहेरून मागवावा लागेल, येईल तेव्हा येईल. लग्न तर तोंडावर आलेलं.

"मी हाय ना!" हिराशेठ म्हणाले. माझं लक्ष आधी माझ्या मशीनकडे गेलं.

पुढे रोज गाडीखालून दोन पाय बाहेर दिसायचे, बाकीचे शेठ आत. शेवटी त्यांनी भंगारातल्या टेम्पोच्या वायपरची मोटर आणून पायरीला जोडली. वहिनींची खुर्ची व्हरांड्याच्या कडेला आणली, मलाही हाक मारली, आणि मोठ्या थाटात दार उघडलं.

पायरी बाहेर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पायरी आत गेली. परत बाहेर आली. परत आत. वायपरच तो, त्याला एवढंच येतं!

"आवो," वहिनी व्हरांड्यातून ओरडल्या, "पाऊस परतो काय?" आणि अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मी तर भिंतीलाच टेकले. पायरी आपली आत-बाहेर, आत-बाहेर.

"शेठ, बंद करा की आता!"

"ऱ्हाऊंदे जरा," ते हळूच म्हणाले. "परल्यापासून पयल्यांदा हसते ती."

नंतर त्यांनी त्याला वेगळं बटण लावलं आणि पायरी खरोखर वठणीवर आली. खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन चढून-उतरून तपासायचे. कॉलनीला वाटलं, म्हाताऱ्याला लागलं वेड.

लग्नाच्या दिवशी सकाळी मीही नटून गेले. वहिनींचा ब्लाउज मीच शिवला होता, सुलट मशीनवर. वहिनी हिरवं लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून वॉकर टेकत फाटकातून येत होत्या. गाडीचं दार उघडं, पायरी बाहेर, आणि पायरीवर चक्क सतरंजी, जमिनीपर्यंत सोडलेली. धवलारणीचा मान!

"हिराशेठ कुठायत?" मी विचारलं.

"मागं बॅटरी बघतात," महेश म्हणाला. पण त्याचा चेहरा काही सरळ नव्हता.

मी बोलवायला म्हणून गाडीच्या पलीकडे गेले आणि जागच्या जागी थांबले. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले हिराशेठ गाडीखाली पालथे पडले होते. ऐन वेळी मोटर मेली होती. हातानं ओढून पायरी बाहेर तर काढली, पण ती वजन धरेना, खाली लोंबायची. म्हणून शेठनी तिच्याखाली, सतरंजीआड, स्वतःची पाठ दिली होती. माझी चाहूल लागताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

पलीकडून वहिनींचा पाय पायरीवर पडला. खालून "हं" असा आवाज आला. मग दुसरा पाय. मी देवाचं नाव घेत उभी.

"चरली गो बाय मी!" आतून वहिनींचा आवाज आला. "चला रं, मुहूर्त कोनासाठी थांबत नाय!"

हिराशेठ रांगत बाहेर आले. पुढून माती, पाठीवर ग्रीस. मला राहवेना. "अहो शेठ, खाली दोन विटा लावायच्या की!"

फाटकाशीच विटांचा ढीग होता. करंजाड्यात विटांना काय तोटा? शेठनी ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"सुचला नाय, ताय."

हसू की रडू, मला कळेना. उतरायच्या वेळेसाठी त्यांनी मुकाट्यानं विटा उचलल्या आणि पुढे ड्रायव्हरच्या सीटजवळ ठेवल्या. तेवढ्यात खिडकीतून वहिनी गरजल्या, "आवो, लगनाला चाललाव का ग्यारेजला?"

"बॅटरी बघत व्हतो," म्हणत शेठ गाडी चालवायला बसले.

मी मागे वहिनींच्या पायाशी बसले. त्या पलंगावर राणीसारख्या टेकलेल्या. उरणचा रस्ता लागला तशा वाकल्या आणि कुजबुजल्या, "ताय, लोखंडाची पायरी करकरंल, नायतर किरकिरंल. 'हं' कंची पायरी बोलते?"

मी जीभ चावली.

"जलम गेला त्यांच्या बाजूला झोपून. आवाज वलखीचा नाय काय?" त्यांनी पुढच्या सीटकडे नजर टाकली. "मना कलला ह्या सांगू नका हां त्याना. पायरीच चालली, असाच वाटूंदे."

मी नुसता त्यांचा हात धरला.

"पाठ धरंल त्यांची आज," वहिनी म्हणाल्या. "रातच्याला तेल चोलायला पायजे. पन निमित्त काय काराचा?"

आणि गव्हाण येईपर्यंत आम्ही दोघी तेच शोधत बसलो.